तिसऱ्या हाकेचा ओ

प्रिय प्रणाली,

मी सहदेव जानराव चर्जन, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, अमरावतीच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा व्यवस्थापक आणि नात्याने तुझा वडील. ‘कनातीआड’ या मालिकेच्या येत्या तेवीस तारखेला, रविवारी दाखवल्या जाणाऱ्या भागासंबंधी हे पत्र लिहीत आहे. स्वतःच्या मुलीला अशी ओळख करून देणे विचित्र वाटेल; पण गेली तीन वर्षे आपल्यात जे काही बोलणे झाले ते तुझ्या आईच्या मार्फत झाले. इतक्या खंडानंतर लिहिणाऱ्याने आपण कोण आणि काय कामासाठी लिहितो हे आधी सांगावे, असे मला वाटते.

विषय तुला ठाऊक आहे, तरी तो नेमका मांडतो, म्हणजे पुढे गैरसमज राहणार नाही. ही मालिका एका फिरत्या नाटक मंडळीच्या घराण्याची आहे. घराण्याचे आडनाव बदलले आहे, गावांची नावे बदलली आहेत, पण मंडळी आपली आहे, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही वयस्क माणसाला पहिल्याच आठवड्यात कळले. मालिकेतली जमुना म्हणजे तुझी आजी सुभद्रा, आणि जमुनेचे काम तू करतेस. आता कथा वीस वर्षे पुढे न्यायची असल्यामुळे जमुनेला मारायचे ठरले आहे. ती रंगमंचावर विष पिऊन मरणाऱ्या राणीचे काम करता करता खरोखरच मरते, प्रेक्षक टाळ्या वाजवत राहतात, पडदा पडतो. मग तिचा नवरा विंगेत येऊन तिला तिच्या पाळण्यातल्या नावाने तीन हाका मारतो. ते नाव मालिकेत आजवर कोणालाच माहीत नव्हते. ते ‘सुभद्रा’ असल्याचे तेव्हा कळते. आणि तिसऱ्या हाकेलाही ओ येत नाही.

तुझी आजी ब्याऐंशी वर्षांची आहे, अकोल्याच्या जुन्या शहरात अमोलकाकाच्या घरी आहे, आणि रोज संध्याकाळी सात वाजता ही मालिका पाहते. माझ्या पत्राचे कारण इथून सुरू होते.

ओ देण्याची आपल्या मंडळीतली रीत तू आजीकडून ऐकलीस. आजी प्रत्येक गोष्ट थोडी रंगवून सांगते, म्हणून ती जशी होती तशी लिहितो. ज्या पात्राला रंगमंचावर मरण येई, त्या नटाने पडदा पडल्यावर उठायचे नाही. त्याला कोणी हात लावायचा नाही, त्याच्याविषयी बोलायचे नाही. घरच्या माणसाने विंगेत येऊन, रंगमंचावर पाय न ठेवता, त्याला पाळण्यातल्या नावाने हाक मारायची. पहिल्या दोन हाकांना गप्प राहायचे, तिसऱ्या हाकेला ओ द्यायचा, मग उठायचे. उठल्यावर जिभेवर गुळाचा खडा. त्यानंतरच तोंडाचा रंग पुसायचा. मंडळी काढणारे माझे आजोबा भगवंतराव म्हणत, की पहिली हाक भूमिकेला ऐकू जाते, दुसरी देहाला आणि तिसरी माणसाला. लढाईचा प्रवेश असला की दोन-चार शिपाई एकदमच मरत आणि त्यांच्या बायका विंगेतून एकदमच हाका मारत. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना कनातीमागून ओ, ओ, ओ असा गलका ऐकू येई आणि ते हसत घरी जात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही वाटत नसे. ज्या घरात पंगतीला बसण्याआधी पानाभोवती पाणी फिरवतात, त्या घरातल्या मुलाला त्यात काय विशेष वाटणार? तसेच ते होते.

तुझ्या आजीला मरणाची कामे फार येत. विष, कट्यार, विरह, काही ना काही. तिला हाक मारण्याचा मान माझ्या वडिलांचा होता. पण शेवटच्या काही वर्षांत त्याच नाटकात ते राजाचे काम करत आणि राणीच्या शेजारी स्वतःच मरून पडलेले असत. तेव्हा हे काम माझ्याकडे आले. मोर्शीच्या मुक्कामात मी पहिल्यांदा हाक मारली. तिथे माझे आजोळ आहे. संत्र्याच्या बागांच्या कडेला फुलांचे मळे करणारी माणसे, मुलीचे काम पाहायला सगळी पुढच्या रांगेत बसलेली. मुलाने आईला तिच्या नावाने एकेरी हाक मारायची, हे घरात केले असते तर थोबाडीत बसली असती. विंगेत मात्र तेच कर्तव्य होते. मी म्हणालो, सुभद्रा. ती हलली नाही. मी पुन्हा म्हणालो. ती हलली नाही. नियम मला पाठ होता, दोन हाकांना उत्तर नसते हे मी जाणत होतो, तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये जो वेळ गेला त्याचे वर्णन मला आजही करता येणार नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तिच्या गालावरचा सफेदा निळसर दिसत होता. तिसऱ्या हाकेला ती “ओ” म्हणाली, डोळा मिचकावला, आणि गूळ चघळत म्हणाली, “आवाज बरा हाय लेका तुह्या. पार मागच्या कनातीपर्यंत गेला.”

मी नाटकापासून दूर का गेलो, हे तू मला अनेकदा विचारलेस आणि मी दरवेळी फिरतीचे हाल, शाळेचा खोळंबा अशी कारणे दिली. ती खोटी नव्हती. परंतु दर मुक्कामाला तो मधला वेळ पुन्हा येत असे, हे मी त्यात धरले नव्हते.

आता मालिकेविषयी. मी ती पाहत नाही. तुझी आई दिवाणखान्यात पाहते आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचतो. जे कानावर पडते तेवढे पडते. तरीही काही चुका नोंदवणे आवश्यक आहे. बार्शीटाकळीच्या मुक्कामात मंडपभर विजेच्या माळा दाखवल्या आहेत. त्या काळी तिथे आमचा खेळ पेट्रोमॅक्सवर होत असे आणि कपाशीवरची पाखरे झडप घालून दिव्यातली मँटलची जाळी फोडत, म्हणून एक माणूस केवळ मँटल बदलायला ठेवलेला असे. राणीचा शेला तू डाव्या खांद्यावरून घेतेस. आजी उजव्या खांद्यावरून घेत असे, कारण पेटीवाला डावीकडे बसे आणि शेल्याचे टोक त्याच्या भात्यात अडके. वऱ्हाडी बोली म्हणून जमुनेच्या सासूच्या तोंडी जे घातले आहे ते कोणत्या गावचे आहे हे मला कळले नाही. पण तिसऱ्या आठवड्यात तू तेलकट आरशासमोर बसून, काही न बोलता, केवळ भुवईचे काजळ ओढतेस तो प्रवेश आहे. त्यात तू हनुवटी किंचित वर करून श्वास धरतेस. ते तुला कोणी शिकवले नसणार. आजीने रंग लावणे बंद केले तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. त्या संध्याकाळी मी माझी खुर्ची थोडी सरकवून घेतली. टेबलाच्या त्या बाजूने पडदा सरळ दिसतो, हे आईने तुला कळवले असेलच.

गेल्या सोमवारी त्या रविवारच्या भागाची जाहिरात सुरू झाली. त्यात तू रंग लावून, डोळे मिटून पडली आहेस आणि पडद्याबाहेरून पुरुषाचा आवाज येतो, सुभद्रा. पुन्हा, सुभद्रा. मग पडदा काळा होतो. तिसरी हाक रविवारसाठी राखली आहे. व्यवसायाच्या दृष्टीने जाहिरात उत्तम आहे, हे मान्य करतो. गुरुवारी सकाळी रूपालीकाकूचा फोन आला. ती म्हणाली, भाऊजी, आईंना काही तरी होऊन राह्यलं आहे, तुम्ही या. जाहिरात लागली की आजी ओ देते. चालू संभाषण सोडून, घास हातात असला तर तो तसाच ठेवून, टीव्हीकडे पाहून मोठ्याने “ओ” म्हणते. पहिल्या दिवशी घरात सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आजी टीव्हीसमोरून उठेना. जेवणाचे ताट तिथेच मागितले. आंघोळीला गेली तर रूपालीला बजावून गेली, की मी नसताना लागली तर मले हाक मार, मी मोरीतून ओ देतो. अमोलने टीव्हीची तार काढली तेव्हा तिने त्याला जे सुनावले ते रूपालीने मला फोनवर सांगितले नाही.

शनिवारी मी अकोल्याला गेलो. मोर्णा नदीच्या पुलावरून रिक्षा जुन्या शहराच्या गल्लीत वळली तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती. आजी घाबरली आहे. तिच्या नावाने तीन हाका पडणार, ओ येणार नाही, आणि ते साऱ्या महाराष्ट्रासमोर होणार. जिने आयुष्यभर ही रीत पाळली ती बाई याला मरणाची सूचना समजणार. उपायही मी ठरवून नेला होता. नाव बदलायला लावायचे. वाहिनीकडे रीतसर तक्रार करायची, आणि नाही ऐकले तर वकील. अमोल याच्याही पुढे होता. तो दारातच म्हणाला, “दादा, तुमच्या पोरीनं आईले जितेपणी मारलं. तिले फोन लावा, नाही तर मी लावतो अन् मंग माह्या तोंडाले आवर नाही राहणार.” मी त्याला म्हटले, की बोलणे माझ्यावर सोड. तो म्हणाला, “तुमच्यावर सोडलं म्हणजे झालंच. तुमी तं बोलतच नाही तिच्याशी.” हे वाक्य आजीने आतून ऐकले. मी ते इथे लिहितो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

आजी पलंगावर बसली होती, पाय खाली सोडलेले, चष्मा स्वच्छ पुसलेला. एखाद्या प्रवेशासाठी विंगेत बसावे तशी. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने जाहिरात लागली. मला ती घरात पाहून माहीत होती, तरी त्या खोलीत ती वेगळी वाटली. सुभद्रा, असा आवाज आला आणि माझी आई गप्प राहिली. दुसऱ्यांदा आला, आणि ती म्हणाली, “ओ.” आवाजात भीती नव्हती. दारावर आलेल्या माणसाला थांब, आले, असे सांगताना असतो तसा आवाज होता. मी तिला सांगितले, की आई, काळजी करू नकोस, आम्ही ते नाव काढायला लावतो. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी परीक्षेत पहिलाच प्रश्न चुकलो आहे. “काहून काढता? म्याच देलं ते नाव. पोट्टी पोळ्याच्या वेळी आली होती ना इथं, तवा तिनं इचारलं, आजी, काय नाव ठेवू सांग. म्या म्हनलं, माह्यंच ठेव. जितेपणी एवढ्या लोकाईले माह्यं नाव कोन सांगनार हाय मंग?” अमोल काही बोलायला लागला, त्याला तिने हाताने थांबवले. “अन् मले काय होते रे? मी हाय ना जिती. रविवारी इथंच बसतो, तिसऱ्या हाकेले ओ देतो. माह्या नावाचा ओ द्याले मी मरेपर्यंत मोकळीच हाय.”

मग ही धडपड कशासाठी, असे मी विचारले. तिने टीव्हीकडे बोट दाखवले. तिथे तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती. “ते पडून हाय ना तिथं,” ती म्हणाली. “हाका सुभद्रेले मारून राह्यले, अन् पडली हाय आपली पोट्टी. तिले कोनं हाक मारली? रंग लावून मेली, उठून घरी गेली. तिच्या नावाची हाक नाही, गूळ नाही. तवापासून ताप हाय तिले, तुले ठाव हाय का?” मला ठाऊक नव्हते. जाहिरातीचे चित्रीकरण झाले त्या दिवसापासून तुला बारीक ताप आहे, रंग उतरवून आरशात पाहिले तरी जमुनाच दिसते असे तू आजीला फोनवर म्हणालीस, हे मला शनिवारी कळले. “म्हणून मी ओ देऊन राह्यली,” आजी म्हणाली, “तिच्या वतीनं. पोट्टी अर्ध्यात अडकू नये म्हणून धरून ठेवली हाय. पन हे खरं नाही. ज्याचा ओ त्यानंच द्या लागते. अन् आता शुक्रवारच्या शूटिंगले ते पुरी मरनार हाय.”

मी हे मानत नाही, हे तुला माहीत आहे. ताप जंतूंनी येतो, त्याला औषध असते, आणि तू ते वेळेवर घ्यावेस. हे मी आजीलाही सांगितले. ती म्हणाली, औषध बी घेऊ दे.

त्यानंतर तिने बार्शीटाकळीची हकीकत सांगितली. मी ती कधी ऐकली नव्हती, कारण ती माझ्या जन्माआधीची आहे. तुझ्या आजोबांनी तिचे तिसऱ्या अंकातले भाषण तिला न विचारता अर्धे कापले. तिने त्यांच्याशी बोलणे टाकले. रंगमंचावर राजा-राणी एकमेकांवर जीव ओवाळत आणि राहुटीत परतल्यावर ती मंडळीतल्या तबलजी नत्थुजींना सांगे, “राजाले सांगा, मीठ संपलं.” नत्थुजी शेजारीच बसलेल्या आजोबांना सांगत, आणि उत्तर त्याच मार्गाने परत येई. अशात विष पिण्याचा प्रवेश झाला. पडदा पडला. आजोबा तेव्हा राजाचे काम करीत असले तरी शेवटच्या प्रवेशात नव्हते, ते नेहमीप्रमाणे विंगेत आले आणि हाक मारणार तोच नत्थुजींनी त्यांच्या तोंडासमोर हात धरला. “जानराव, तुमचा अबोला हाय. तुमची हाक लागू होत नाही.” ही रीत मला माहीत नव्हती, प्रणाली. ज्याचा अबोला आहे त्याने हाक मारायची नाही. मारली तर ती पहिलीच राहते, कितीही वेळा मारली तरी. घरचे दुसरे कोणी त्या मुक्कामाला नव्हते. मंडप रिकामा झाला, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, आणि राणी तशीच पडून. अबोला सोडायचा तर कोणी तरी आधी बोलले पाहिजे, आणि एक तर मेलेली होती. आजोबा रंगमंचाच्या कडेशी वाकले. मग घसा खाकरून म्हणाले, “चहा घेतं का?”

डोळे मिटलेलेच ठेवून आजी म्हणाली, “मेलेल्या मानसाले कोनी चहा इचारते का?”

एक जण कुजबुजला, की मेलेले पात्र बोलले, आता कसे? नत्थुजींनी निवाडा दिला, “ते राणी नाही बोलली, बायको बोलली. अबोला सुटला. मारा हाक.” आजोबांनी तीन हाका मारल्या, तिसरीला ओ आला. गूळ तोंडात टाकताच तिने आधी भाषण परत मागितले आणि मग चहा घेतला. हे सांगताना आजी हसत होती, अमोल हसत होता, रूपाली पदर तोंडाला लावून हसत होती. मी हसलो नाही. ही गोष्ट कोणासाठी चालली आहे, ते मला कळले होते. हसणे थांबल्यावर तिने विचारले, “सहदेवा, तुह्या अन् तिच्यात अबोला हाय का?” मी म्हणालो, की तसे म्हणता येणार नाही, निरोप जातात, येतात, तुझी आई सगळे सांगते. आजी म्हणाली, “मीठ संपलं, तेही सांगते का?”

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर जाईपर्यंत मी या प्रश्नाचे उत्तर जुळवत होतो. नोकरी सोडून मुंबईला जाण्याचे तू सांगितलेस त्या दिवशी मी म्हणालो होतो, की नाटकवाल्यांच्या घरातून बाहेर पडायला मला निम्मे आयुष्य लागले, आणि तू एका सहीने परत निघालीस. तू दारात चपला घालत होतीस. तू म्हणालीस, “बाबा, तुम्ही बाहेर पडलात कुठे?” त्यानंतर आपण बोललो नाही. या वाक्याचा मला राग आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही, हे लपवत नाही. अबोला कोणी धरला, आधी कोण गप्प झाले, याचा निवाडा करायला आपल्याकडे नत्थुजी नाहीत. मीही तो करणार नाही. तुझ्या नोकरी सोडण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. पण गाडीत मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. शुक्रवारी दिग्दर्शक काम थांबवतील, दिवे विझतील, लोक आपापल्या मोबाइलकडे वळतील, आणि तू त्या लाकडी फळ्यांवर पडलेली असशील. तुझ्या मालिकेतल्या नवऱ्याच्या तिन्ही हाका सुभद्रेसाठी असतील आणि तिचा ओ अकोल्याला दिला जाईल. तुझ्यासाठी विंगेत कोणी नसेल. आजीला प्रवास झेपणार नाही. अमोलकाकाचा राग अजून उतरलेला नाही. तुझी आई येईल, पण तिचा आवाज दिवाणखान्याबाहेर जात नाही. आणि तुला पाळण्यातल्या नावाने आजवर हाक मारली ती मीच, ते नाव मी ठेवले होते, आणि घरात ते मीच वापरत असे.

म्हणून गुरुवारच्या गाडीने मी आणि तुझी आई मुंबईला येत आहोत. हे पत्र उद्या संध्याकाळी निघणाऱ्या अनुपच्या हाती देतो; रूपालीचा हा भाऊ तुला ते समक्ष देईल. नाव बदलू नकोस, प्रवेश बदलू नकोस, तो जितका चांगला करता येईल तितका कर. शेला मात्र उजव्या खांद्यावरून घे. सेटवर येणाऱ्याला पास लागतो असे कळले. तो द्यायचा की नाही हा सर्वस्वी तुझा अधिकार आहे. न दिलास तर मी फाटकाबाहेर उभा राहीन. आवाज अजून बरा आहे, मागच्या कनातीपर्यंत जातो. गूळ आजीने बांधून दिला आहे. तुझे ते नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही, कारण ते अबोला सुटल्याशिवाय उच्चारायचे नसते, आणि अबोला असलेल्याची हाक लागू होत नाही. त्यासाठी कोणाला तरी आधी साधे काही तरी बोलावे लागते. फोनवर मला ते जमले नसते. दोनदा लावून मी ठेवून दिला. हे सगळे इतके लांबवून लिहिले ते एवढ्याच एका वाक्यापर्यंत येण्यासाठी.

चहा घेतेस का?

तुझाच,
बाबा
(सहदेव जानराव चर्जन)

अमरावती
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५